तळवा

दाताच्या डॉक्टरनं दिलेल्या भुलीचा असर अजून उतरला नव्हता. खालचा ओठ आपला नाही, कुणी तरी आणून तिथं चिकटवला आहे, असं नानांना वाटत होतं. ते बोटानं तो दाबून पाहत होते. बोटाला ओठ कळत होता, ओठाला बोट कळत नव्हतं. शहरातल्या केजेतियाच्या चौकात गाडी अडकली होती आणि दोन्ही बाजूंनी विक्रेत्या बायका डोक्यावरच्या परातींसकट गाड्यांच्या मधून वाट काढत होत्या. एकीच्या परातीत भाजलेली केळी होती आणि कागदाच्या पुड्यांत शेंगदाणे. काच बंद असूनही वास आत आला. आन्त्वीनं, ड्रायव्हरनं, पुढचा रेडिओ हळू आवाजात लावून ठेवला होता. सकाळच्या बातम्या संपत आल्या होत्या. निवेदक म्हणाला, की अबोआसेचे राजे नाना त्वुम सिरिबोए यांनी काल मंत्री अशियामा यांना जाहीर पाठिंबा दिला. पाठोपाठ एक म्हातारा, भरदार, सावकाश आवाज आला. तो आवाज नानांना आपल्या खोकल्याइतका ओळखीचा होता. "नाना म्हणतात, अशियामा, तू आमच्या घरचा मुलगा आहेस. नाना म्हणतात, मतदानाच्या दिवशी अबोआसेचं आसन तुझ्या पाठीशी आहे." मग लोकांचा गलबला, एक ढोल, आणि लगेच साबणाची जाहिरात.

नानांनी ओठावरचं बोट काढलं नाही. आन्त्वीची मान ताठ झाली होती. तो आरशात पाहत नव्हता, यावरूनच त्यानं सगळं ऐकलं होतं हे कळत होतं.

"बंद करू का, नाना?"

"राहू दे," असं नाना म्हणाले, पण बधिर ओठातून ते 'आऊ दे' असं काही तरी निघालं.

पुढचा ट्रक हातभर सरकला, गाडीही सरकली. थोड्या वेळानं आन्त्वी आपण होऊनच बोलला. "माझा मेव्हणा दुसऱ्या पक्षाचा झेंडा मोटारसायकलला लावून फिरतो, नाना. आज घरी गेलो की मला जेवायला वाढू देणार नाही. म्हणेल, जा, तुझ्या मालकाच्या मंत्र्याकडे जेव."

यावर हसायला हवं होतं. अर्ध्या तोंडानं हसणं वाईट दिसलं असतं म्हणून ते हसले नाहीत. काल ते मंत्र्यांच्या उद्घाटनाच्या समारंभाला गेलेच नव्हते. दाढ ठणकत होती, गाल सुजला होता, आणि सुजलेल्या गालाचा राजा लोकांना दाखवायचा नसतो. म्हणून त्यांनी ओचिआमेला पाठवलं होतं. अबोआसेत राजा चारचौघांत स्वतः बोलत नाही. तो ओचिआमेच्या कानात बोलतो आणि ओचिआमे, सोन्याच्या मुठीची काठी हातात धरून, ते लोकांना सांगतो. काठी जिथं जाईल तिथं राजा गेला. काल काठी आरोग्य केंद्राच्या उद्घाटनाला गेली होती. बरोबर नानांनी एवढंच सांगून पाठवलं होतं: इमारत चांगली झाली. नर्स कधी येणार?

नर्स कधी येणार. त्यांनी मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा म्हणून पाहिलं. या वाक्यापासून त्या वाक्यापर्यंत कुठून रस्ता जातो ते त्यांना समजेना. देशाच्या घटनेनं आसनाला मान दिला होता आणि मानाबरोबर एक कुलूप दिलं होतं: राजानं पक्षाच्या राजकारणात उतरायचं नाही, उतरायचं असेल तर आधी आसनावरून उतरायचं. कायदा करता येत नव्हता, कर लावता येत नव्हता, कुणाला तुरुंगात टाकता येत नव्हतं. जमिनीची भांडणं मिटवावीत, सण करावेत, आणि दोन्ही पक्षांच्या माणसांनी येऊन बसावं अशी एक सावली धरावी, इतकंच काम होतं. नानांना ते काम आवडत होतं. आधीच्या आयुष्यात ते भूलतज्ज्ञ होते. शस्त्रक्रिया चालू असताना टेबलाच्या डोक्याशी बसायचं, बोलायचं नाही, चाकू हातात घ्यायचा नाही. माणसाचा श्वास तेवढा चालू ठेवायचा. आसनावर बसवल्यावर पहिल्या वर्षी ते अक्राच्या जुन्या मित्रांना सांगत, तेच काम आहे रे, फक्त टेबल मोठं आहे. आता, या चौकात, त्यांना वाटलं की आपण टेबलाच्या डोक्याशी नाही, टेबलावर आहोत. कुणी तरी आपल्याला भूल देऊन आपलं तोंड वापरलं आहे.

गाव जवळ आलं तसा ओठ जागा होऊ लागला. आधी मुंग्या आल्या, मग दुखू लागलं. लॉरी स्टँडवर एरवी गाडी दिसली की पोरं चपला काढून उभी राहतात. आज निम्मी उभी राहिली. उरलेली मोटारसायकलींवर बसून राहिली, एक जण शेंगदाण्याचं टरफल थुंकला. मागून कुणी तरी ओरडलं, "नाना, आसनाला कुठला रंग देताय ते तरी सांगा! आमच्याकडे रंग शिल्लक आहे!" हशा पिकला. दुसऱ्या टोकाला, ज्यांनी चपला काढल्या होत्या त्यांच्यातला एक जण उलट ओरडला, "तुझ्या बापाच्या छपराला दे!" आणि दोन्हीकडची माणसं मोटारसायकलींवरून उतरली. आन्त्वीनं गाडी थांबवली नाही. मागच्या काचेतून नानांना दिसलं ते असं, की दोन घोळके एकमेकांकडे चालत येताहेत आणि मधे एक केळीवाली घाईघाईनं आपली शेगडी उचलते आहे.

मामांना आसनावरून काढलं त्या वेळीही मधे एक शेगडी होती. ती उलटली होती, निखारे मातीत पसरले होते, आणि त्यांच्यावर कुणी पाय देऊ नये म्हणून आईनं यॉला, म्हणजे लहानपणच्या नानांना, उचलून कडेवर घेतलं होतं. म्हणून त्याला नीट दिसलं. मामा तेव्हा आसनावर होते. काय चुकलं होतं ते त्याला समजण्याचं वय नव्हतं. मोठेपणी तीन माणसांनी तीन कारणं सांगितली. त्याला आठवत होते ते पाय. वडीलधाऱ्यांनी मामांना खाली बसवलं आणि पायांतल्या काळ्या, सोन्याची फुलं जडवलेल्या चपला ओढून काढल्या. राजाच्या उघड्या तळव्याचा जमिनीला स्पर्श झाला की दुष्काळ पडतो, म्हणून राजाचा तळवा जमीन बघत नाही. मामांचे तळवे वर्षानुवर्षं कुणी पाहिलेच नव्हते. ते फिकट होते, मऊ, सुरकुतलेले, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखे. एवढ्या मोठ्या, काळ्याकभिन्न, घोगऱ्या आवाजाच्या माणसाला तान्ह्या मुलाचे पाय होते. ते मातीवर टेकवले तेव्हा मामांनी बोटं आत ओढून घेतली. आणि काठीवाला, तेव्हा तरणाबांड असलेला ओचिआमे बादू न्तिम, भरदार आवाजात म्हणाला, "आजपासून हा कुणीही नाही." ते वाक्य मात्र त्याला कुणी कानात सांगितलेलं नव्हतं. राजाच उरला नव्हता, तर सांगणार कोण?

मावशी, म्हणजे गावची ओहेमा, राजमाता, कोमट पाण्यात पाय सोडून टीव्हीवरची मालिका पाहत बसली होती. राजा कोण होणार ते तिनं ठरवायचं असतं. सात वर्षांपूर्वी तिनंच अक्राला माणसं पाठवून नानांना रुग्णालयाच्या दारातून धरून आणवलं होतं. तिनं मालिकेचा आवाज बंद केला, चित्र चालू ठेवलं.

"तोंड सुजलंय तुझं. मला वाटलं, दोन दिवस तरी तू गप्प बसशील."

"मी गप्पच होतो, मावशी. म्हणून तर हे झालं."

"ऐकलं मी. सगळ्या गावानं ऐकलं." तिनं पाण्यातले पाय एकमेकांवर घासले. "बादूला वाटलं, मंत्री खूश झाला की रस्त्याचं डांबर येईल. येईलही."

"तुम्ही त्याला बोलावून सांगा. त्यानं उद्या रेडिओवर म्हणावं, की माझी चूक झाली."

"यॉ, डॉक्टरकी शिकलास, हे शिकला नाहीस. ओचिआमेच्या तोंडून चांगलं निघालं की ते राजाचं. वाईट निघालं की ते ओचिआमेचं. म्हणून तर काठी ठेवली आपल्या म्हाताऱ्यांनी. पण चूक झाली हे त्यानं म्हणायचं असतं. त्याला म्हणायला लावायचं नसतं."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर मग ते तुझं."

"मग मी सभेत म्हणतो. माझ्या तोंडानं."

ओहेमानं नानांकडे प्रथमच पाहिलं. "राजानं भर सभेत स्वतः तोंड उघडलं तर लोक काय म्हणतील माहीत आहे? या आसनाची वाचा गेली. वाचा नसलेल्या आसनावर कुणी बसत नाही. तुझ्या मामानं एकदा उघडलं होतं."

म्हणजे मामांना काढल्याचं हे चौथं कारण. पडद्यावर एक बाई तोंड उघडून आवाजाशिवाय रडत होती. न बोलावं तर दुसऱ्या पक्षाची माणसं सगळ्या राजांच्या मोठ्या सभेत तक्रार घेऊन जाणार, आणि कायद्यानं आसन जाणार. बोलावं तर रूढीनं जाणार. आणि दोन्हीच्या मधे लॉरी स्टँडवर ते दोन घोळके एकमेकांकडे चालत येत राहणार. "रविवारी आदाए आहे," ओहेमा म्हणाली. पूर्वजांच्या पूजेचा दिवस, सगळं गाव जमतं. "अशियामा येणार आहे. बादूला शब्द दे. मोजका दे. म्हाताऱ्याला मोजकं जमत नाही, पण दे." आणि तिनं मालिकेचा आवाज पुन्हा मोठा केला.

ओचिआमे बादू न्तिमला बोलावलं तेव्हा तो काठीशिवाय आला. काठी नसली की तो एकदम ठेंगणा दिसे. त्यानं खांद्यावरचं वस्त्र उतरवून नमस्कार केला आणि गालाची चौकशी केली. लवंग चावा म्हणाला. नानांनी त्याच्या मानेकडे पाहिलं. सवयच होती ती. कातडीखाली नाडी शांत, सावकाश उडत होती. अपराधी माणसाची नाडी अशी नसते.

"ओचिआमे, मी नर्स मागितली होती."

"हो तर. विसरलो नाही मी."

"पण तुम्ही मागितली नाहीत."

"नाना," म्हातारा समजुतीनं म्हणाला, "शब्द तुमच्याकडून येतो तो कच्चा असतो. शिजवावा लागतो. मंत्र्याला लोकांसमोर विचारायचं, नर्स कुठाय? म्हणजे त्याच्या तोंडात कच्चा सुरण द्यायचा. आधी पोटभर कौतुक लागतं. तुम्ही नाही का, सुरी लावायच्या आधी भूल देत होतात? मी तेच करतो."

"भूल दिलेल्या माणसाच्या नावानं मी कधी वचन दिलं नाही."

ओचिआमे हसला. त्याचे पुढचे दात अजून शाबूत होते. "मी या आसनावर तीन नाना पाहिले. सरकारच्या उन्हात जो बसला, त्याच्याच छत्रीला नवी झालर लागली. सावलीत बसला तो सावलीतच गेला. तुमच्या मामांनाही माझं बोलणं टोचायचं, बरं का. फार टोचायचं."

हे त्यानं इतक्या मायेनं म्हटलं, की धमकी होती की आठवण, ते नानांना ठरवता आलं नाही. पायांतल्या चपलांच्या आत त्यांची बोटं आवळली गेली. ते म्हणाले, "रविवारी तुम्ही म्हणायचं: अबोआसेच्या आसनाला पक्ष नाही. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

"नाना म्हणतात तसं," ओचिआमे म्हणाला. प्रत्येक वेळी तो हेच म्हणायचा.

रविवारी दुपारी नानांना छत्रीखाली बसवलं तेव्हा हवा हलत नव्हती. दोन्ही दंडांवर सोन्याचं इतकं ओझं होतं, की हात मांडीवर ठेवले की तिथंच राहत. मोठी मखमली छत्री डोक्यावर वर-खाली नाचवत ठेवायची असते, म्हणजे वारा लागतो आणि राजा जिवंत आहे हे दुरूनही दिसतं. तिची सावली पायांवरून पुढं जाई, मागं येई. पायांत त्याच चपला होत्या, मामांच्या. पट्टे नवे, सोनं जुनं. पटांगणाच्या एका अंगाला मंत्र्यांची माणसं एका रंगाच्या सदऱ्यांत बसली होती. दुसऱ्या अंगाला लॉरी स्टँडवरची पोरं हाताची घडी घालून उभी होती. त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं आणि ती बसणारही नव्हती. एकाच्या कपाळाला पट्टी होती. दोघांच्या हातात काठ्या होत्या. आन्त्वी गाडीपाशी उभा होता आणि मेव्हणा कुठं दिसतो का ते पाहत होता.

मंत्री आले, वाकले, बसले. पांढऱ्या वस्त्रात ते प्रसन्न दिसत होते. त्यांनी हात पुढं केला नाही. राजाशी हात मिळवायचा नसतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या रेडिओवाल्यानं फुगीर टोकाचा माइक ओचिआमेच्या पुढं आणून धरला. ढोल थांबले. ओचिआमे नानांच्या कानाशी वाकला. त्याच्या अंगाला कापराचा वास येत होता. नानांनी ठरलेलं वाक्य सांगितलं. ओठ आता पूर्ण जागा होता, प्रत्येक अक्षर त्यांना लागत होतं. म्हातारा सरळ झाला, काठी टेकली, आणि त्याचा आवाज सगळ्या पटांगणावर पसरला. "नाना म्हणतात, अबोआसेच्या आसनाला पक्ष नाही."

कपाळाला पट्टी बांधलेल्या पोराची हाताची घडी सुटली. म्हाताऱ्या बायकांच्या रांगेतून 'हं' असा एक लांब हुंकार आला. मंत्र्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे एकदा ओचिआमेकडे गेले. संपलं, असं सगळ्यांना वाटलं. नानांना वाटलं नाही, कारण ते ओचिआमेची मान पाहत होते. वाक्य संपलं की माणूस श्वास सोडतो. म्हाताऱ्यानं श्वास सोडला नाही, घेतला. बरगड्या रुंदावल्या, गळ्याची शीर भरली, काठीवरची मूठ हलली. पुढं एक वाक्य होतं. ते अजून बाहेर आलं नव्हतं पण छातीत तयार होतं, शिजवलेलं. त्या एका श्वासाएवढा वेळ नानांना होता, आणि त्या वेळात त्यांना मामांच्या पायाची आत ओढलेली बोटं दिसली. मामांनी तोंड उघडलं होतं. आपल्याला तोंड नाही. आपल्याकडे तोंड सोडून काय आहे?

"पण पक्ष नसला," ओचिआमे म्हणाला, "तरी घराला मुलगा असतो. नाना म्हणतात—"

नानांनी उजवा पाय चपलेतून बाहेर काढला आणि जमिनीवर ठेवला.

आधी ऊन लागलं. मग माती. ती त्यांना वाटली होती त्याहून गरम होती, भरड होती, आणि टाचेखाली एक खडा होता. सात वर्षांत तळव्याला काही टोचलं नव्हतं. ती कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली आणि त्यांना, कसलंही कारण नसताना, अक्राच्या घराचं अंगण आठवलं, जिथं ते सकाळी अनवाणी दूध आणायला जात. बोटं आपोआप आत ओढली जाऊ लागली. त्यांनी ती सोडवली आणि पसरली.

सगळ्यात आधी छत्रीवाल्यानं पाहिलं. छत्री थांबली. सावली पायापाशी येऊन थांबली. मग बायकांच्या रांगेतून कुणी तरी किंचाळलं, आणि 'पाय, पाय, नानांचा पाय' असं कुजबुजत ते पटांगणाच्या कडेपर्यंत गेलं. ओचिआमेचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. वडीलधारी माणसं एकदम उठली. एकाची खुर्ची मागं पडली. काठ्या घेतलेली पोरं, ज्यांना नानांवर राग होता, त्यांनी काठ्या टाकल्या आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. मंत्र्यांच्या सदऱ्यांची माणसंही तशीच उभी होती, हात डोक्यावर घेऊन. सगळी एकाच गावची होती आणि दुष्काळ सगळ्यांवरच पडणार होता. "काय झालं? काय झालं?" मंत्री विचारत होते. ते किनाऱ्याकडच्या शहरात वाढले होते, आणि त्यांना कुणी उत्तर देत नव्हतं.

"मेंढा आणा," ओहेमा म्हणाली. ती बसूनच होती, फक्त आवाज चढला होता. "आधी मेंढा आणा. मग रडा."

मेंढ्याचं रक्त पायावर सांडलं की दोष फिटतो, पण तो चुकून लागलेल्या पायाचा. पाय घसरला, पट्टा तुटला, तर मेंढा. जाणूनबुजून ठेवला, तर त्याला मेंढा नाही. मग वडीलधारी माणसं बसतात आणि ठरवतात, की हा राहतो की जातो. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून सगळे आता ओचिआमेकडे पाहत होते. यातलं कोणतं, ते त्यानं सांगायचं होतं. चपला सांभाळणारा माणूस गुडघ्यांवर बसून चप्पल पुढं धरून होता.

ओचिआमे वळला. इतक्या वर्षांत तो सभेच्या मधोमध कधी वळला नव्हता. तो कानाशी वाकला तेव्हा नानांनी त्याची मान पाहिली. नाडी धडधडत होती. कापराच्या वासाखाली त्याला म्हातारपणाचा, घामाचा वास होता.

"घसरला म्हणतो, नाना," तो घाईनं पुटपुटला. "पट्टा सैल होता म्हणतो. नाना, ऐका माझं. मी सांभाळून घेतो." मग, हळू आवाजात, जवळजवळ लहान मुलासारखं, त्यानं विचारलं, "काय सांगू?"

सात वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. समोर ओहेमा होती, तिचा चेहरा दगडासारखा. ती मान हलवत नव्हती, ना हो, ना नाही. खडा टाचेत रुतला होता. तो दुखत होता आणि ते बरं वाटत होतं.

"सांगा," ते म्हणाले, "पाय घसरला नाही. मी ठेवला. आसनाच्या नावानं उद्घाटनाच्या दिवशी जे वचन दिलं गेलं ते माझं नव्हतं, आणि आज जे निघणार होतं तेही माझं नव्हतं. आता मला ठेवायचं की काढायचं, ते वडीलधाऱ्यांनी ठरवावं. ठरेपर्यंत हा पाय इथंच राहील. यात काही घालायचं नाही, ओचिआमे. यातलं काही काढायचं नाही."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. तो पाठ करत होता. मग तो सरळ झाला, काठी टेकली. माइकवाला भानावर येऊन पुढं झाला. मंत्र्यांच्या माणसानं त्याची बाही धरली, पण उशीर झाला होता. काठीची मूठ उन्हात क्षणभर चमकली, स्थिर झाली.

"नाना म्हणतात," ओचिआमे म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. त्यानं घसा साफ केला नाही. "पाय घसरला नाही."

नाना मान खाली घालून ऐकत होते. एकेक शब्द येत होता, कच्चा, तसाच, त्यांनी दिला होता त्याच क्रमानं. मागून कुठून तरी मेंढ्याचं ओरडणं ऐकू आलं. त्याला आणायला जो कुणी गेला होता तो आता त्याला धरून वाटेतच उभा राहिला असावा. शेवटचा शब्द झाला. ओचिआमेनं श्वास सोडला. नानांनी तो सुटताना पाहिला, पूर्ण, तळापर्यंत, आणि मग त्यांनी तळव्यावर थोडा आणखी भार दिला.